आठवड्याला दोन मापं

संगम माहुलीला दहाव्याचा विधी चालला होता. कावळ्याची वाट बघत माणसं घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती. माझ्या मागच्या पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "माणूस सोन्यासारखा, पण दारूनं खाल्ला." दुसऱ्यानं मान हलवली असावी. तिसरा म्हणाला, एवढा शिकलेला, सरकारी नोकरीतला माणूस, पण सवय लागली की सुटत नाही. मी मागं वळून पाहिलं. त्या तिघांतल्या दोघांना मी चांगला ओळखतो. दोघं रोज संध्याकाळी हायवेच्या एका हॉटेलात बसतात, आणि त्यातल्या एकाला मी स्वतः दोनदा रिक्षात घालून घरी पोचवलंय. त्याला उचलून कृष्णेत टाकावं असं मला वाटलं. टाकला नाही, कारण तसं करायला माणसाची स्वतःची बाजू साफ असावी लागते.

वसंतराव निकम दारूनं गेले नाहीत. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कुणाच्या मनात किंतू नको. ते कशानं गेले आणि त्यात माझा हात किती, हेही सांगणार आहे. पण आधी माणूस कसा होता ते ऐका.

निकम मूळचे मेढ्याकडचे. नोकरी वजनमापं निरीक्षकाची. दुकानदारांचे काटे तपासायचे, दूधवाल्यांच्या मापांवर शिक्के मारायचे, पेट्रोल पंपावर पाच लिटरचं डबडं भरून बघायचं. सातारा, कोरेगाव, कराड, सांगली अशा सगळीकडे बदल्या झाल्या आणि सगळीकडे त्यांना एकच नाव पडलं, मापसाहेब. निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले तरी नाव सुटलं नाही. भाजीवाली त्यांना बघितलं की ताजव्याची दांडी आपोआप सरळ धरायची. माणूस उंच, काटक, आणि तापट. तापट म्हणजे किती, तर केळीवाल्यानं बाराऐवजी अकरा केळी दिली म्हणून हे बसस्टँडवरून परत मंडईत चालत गेले होते. एका केळ्यासाठी एवढी पायपीट कशाला, असं मी म्हणालो, तर माझ्यावरच उखडले. "केळ्याचं न्हाई रं सुध्या. त्यानं मला डझन सांगितलं. डझन ह्यो शब्द हाय. त्यो खोटा करायचा न्हाई."

मी सुधाकर, एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. निकमांहून सहा वर्षांनी लहान. ते कोरेगावला असल्यापासूनची ओळख, म्हणजे पस्तीसेक वर्षं झाली.

आता वाईनचं सांगतो, कारण लोकांना तेवढंच ठाऊक आहे आणि तेही चुकीचं.

सांगलीला असताना ते तासगावच्या बाजारात बेदाण्याचे काटे तपासायला जायचे. तिथं सीमेकडच्या एका गावातल्या बसगोंडा पाटील नावाच्या बागायतदाराचा माल एका व्यापाऱ्यानं मापात मारला होता, तो यांनी पकडला. बसगोंडाकडं खाण्याच्या द्राक्षांशिवाय जाड सालीच्या बारीक काळ्या द्राक्षांची दोन एकर बाग होती. ती द्राक्षं वाईनच्या कारखान्यात जायची. त्यानं खुशीनं एक बाटली आणून दिली. निकमांनी किंमत विचारून पैसे त्याच्या हातात ठेवले आणि मगच बाटली घेतली. घरी येऊन ग्लास भरला, एक घोट घेतला आणि मोरीत थुंकला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर ओरडायला परत गेले, की ही काय तुरट चीज माझ्या गळ्यात मारलीस. बसगोंडा शांतपणे म्हणाला, "घाई का करताय साहेब? उघडून अर्धा तास ठेवा. मग ज्वारीची भाकरी आन् सुकं मटण घ्या, आन् मग बोला." निकम मग बोलले ते तीस वर्षं बोलतच राहिले.

निवृत्तीनंतर शनिवारची बैठक सुरू झाली. संध्याकाळी सहाला त्यांच्या घरी जमायचं, आठला उठायचं, जेवायला आपापल्या घरी. आम्ही चौघं असायचो. निकम, मी, कराडहून एसटीनं येणारा हार्डवेअरवाला बाबूराव, आणि गुरव सर, जे शाळेत चित्रकला शिकवायचे. बाटली एकच. निकमांकडं दुधाचं शंभर मिलीचं ॲल्युमिनियमचं शिक्क्याचं माप होतं. त्या मापानं प्रत्येकाला दोनदा, गुरव सरांना एकदाच, कारण सरांना दुसऱ्या मापाला झोप यायची. बाटलीत साडेसातशे असतात. सातशे संपले की उरलेले पन्नास रश्शात जायचे. त्या घरात एक थेंब जास्त कुणाला मिळाला नाही आणि एक थेंब कमी कुणाला पडला नाही. बाबूरावनं एकदा आणखी अर्धं माप मागितलं तर त्याला म्हणाले, कराडला तुझ्या दुकानात खिळे मोजून देतोस की ओंजळीनं?

महागडी बाटली त्यांना चालायची नाही. त्यांचा हिशोब सोपा होता. एक किलो मटणाला जेवढे पडतात त्याच्या वर बाटलीला द्यायचे नाहीत. तेवढ्यात आपल्या नाशिककडची, आपल्या सांगलीकडची चांगली वाईन मिळते, फक्त शोधायचे कष्ट पाहिजेत, असं ते म्हणायचे. आणि हे कष्ट ते सगळ्यांसाठी घ्यायचे. कोरेगावहून, वाईहून, पार इस्लामपुराहून लोकांचे फोन यायचे, की साहेब, जावई पुण्याहून येणार आहेत, कुठली आणू? निकमांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवायला काय हाय?" अख्खा मसूर असेल तर लाल, पण हलकी. कोयनेचा मासा तळणार असाल तर पांढरी, आंबटसर, गार करून. नुसतं भडंग आणि गप्पा असतील तर गुलाबी चालेल. एकानं कंदी पेढ्याबरोबर काय चालेल असं विचारलं, त्याला म्हणाले, पाणी. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं बाटलीवर लिहिलेलं असतं, त्यावरही त्यांचा राग होता. ती खोली मे महिन्यातल्या सांगलीची नव्हे, असं म्हणून ते बाटलीला ओलं फडकं गुंडाळून माठाशेजारी ठेवायचे.

साताऱ्यातल्या एका वाईन शॉपशी त्यांचं वर्षभर भांडण चाललं होतं. पहिल्यांदा गेले आणि वाईन मागितली. मालकानं विचारलं, वाईन म्हणजे कुठली, व्हिस्की का रम? निकम म्हणाले, वाईन म्हणजे वाईन. तेव्हा त्यानं स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक धुळीनं माखलेली गोड बाटली काढली. ती फळी पश्चिमेच्या खिडकीत होती आणि बाटली दोन उन्हाळे तिथं उभी होती. पाटी वाईनची, माल रमचा, आणि वाईन ठेवतोस ती उन्हात तापवून, असं म्हणून निकमांनी त्याला भर दुकानात फैलावर घेतलं. तो माणूसही चिवट. पण वर्षाच्या आत त्यानं काउंटरखाली सावलीत एक फळी केली आणि बाटल्या आडव्या ठेवल्या. पुढं तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायला लागला, मापसाहेबांनी चव घेतलेली आहे, डोळे झाकून न्या.

बाबूराव एकदा त्याच्या एका कंत्राटदार पाहुण्याला घेऊन आला. पाहुण्यानं परदेशी बाटली आणली होती आणि तिची किंमत त्यानं दहा मिनिटांत तीनदा सांगितली. निकम उठले, आत गेले, तीन बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून बाहेर आले, त्यातली एक त्याची. प्रत्येकाला थोडी थोडी ओतली आणि सांगा म्हणाले. पाहुण्यानं सगळ्यात जास्त तारीफ केली ती नेमकी मटणाच्या भावाची निघाली. आम्ही हसलो. निकम हसले नाहीत. त्यांना राग आला होता, आणि तो पाहुण्याच्या श्रीमंतीचा नव्हता. स्वतःची जीभ खरं सांगत असताना हा माणूस किमतीवर भरवसा ठेवतो, ह्याचा होता.

पण त्यांची खरी चीड एका शब्दावरून होती. आमच्याकडं कुणी दारू पीत नाही. आमच्याकडं लोक 'बसतात'. 'थोडी घेतात'. 'कार्यक्रम' करतात. फोनवर बायको शेजारी असेल तर 'मिटिंग' असते. बाबूरावनं एकदा विचारलं, शनिवारी बसायचं ना साहेब? झालं, निकम सुटले. "बसायचं म्हंजी? एस्टीत बसतोस का पाटावर बसतोस? दारू प्यायची म्हण. मी बी दारूच पितो. वाईन ही दारूच हाय, फळाचा रस न्हाई. दारू म्हटलं की माणूस मापात पितो. बसतो म्हटलं की उठायचं कवा ते कळत न्हाई." गुरव सरांनी हळूच सुचवलं, वाईनला दारू म्हणणं जरा कठोर होतं. निकम म्हणाले, कठोर असू दे, खरं हाय ना?

मी त्या वेळी मान डोलावली होती. आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं की वाचनालयात उशीर झाला.

हे सांगायलाच हवं. माझी बायको शालन हिचे वडील हातभट्टीपायी गेले. त्यांना गटारातून उचलून आणणं हे तिनं शाळेच्या वयात केलेलं आहे. लग्न ठरताना तिनं सोनंनाणं काही मागितलं नाही. एक शब्द मागितला, की थेंबाला शिवायचं नाही. मी दिला. नोकरीभर पाळला. निवृत्तीनंतर निकमांच्या ओसरीवर दोन मापांत मोडला आणि सहा वर्षं दर शनिवारी वाचनालयात जात राहिलो. निकमांना हे कळलं तेव्हा ते महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. एक तर सांग नाही तर सोड, एवढंच म्हणाले. मी दोन्ही केलं नाही.

मग त्यांना कावीळ झाली. डोळे पिवळे, पायांवर सूज, अंगात त्राण नाही. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, एकुलती मुलगी मनीषा सांगलीला दिलेली. तिनं त्यांना सांगलीत नेऊन एका मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. मी भेटायला निघालो तर शालनही म्हणाली, मी येते, भाऊजींनी माझ्या आजारपणात किती केलंय. दोघं गेलो.

आम्ही खोलीत असतानाच तरुण डॉक्टर आला. हातात कागद. लिव्हर खराब झालंय म्हणाला, आणि विचारलं, "दारू घेता?"

"पितो," निकम म्हणाले.

बाबूराव असता तर नाही म्हणाला असता. मी तर कुठल्याही तपासणीत नाहीच म्हणत आलोय. मापसाहेबांनी पितो म्हटलं. किती, असं विचारल्यावर म्हणाले, आठवड्याला दोनशे मिली, वाईन, तीस वर्षं. आधी घरी एकटाच, आता मित्रांबरोबर.

डॉक्टर हसला. तो हसला नसता तर मी हे आज लिहीत नसतो. मनीषाकडं वळून तो म्हणाला, की पेशंट आठवड्याचं सांगतात ते आम्ही रोजचं धरतो, आणि वाईन शॉपमधून आणलेली सगळीच ह्यांच्यासाठी वाईन असते. आणि त्यानं कागदावर लिहिलं. रोज दोनशे, तीस वर्षं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची मापं खरी केली, त्याच्या तोंडच्या मापाला सात पट करून टाकायला त्या पोराला एक सेकंद लागला. निकम उठून बसायला लागले. आवाज चढला. "डॉक्टर, मी सांगतो त्येवढंच लिवा. एक थेंब जादा न्हाई." डॉक्टरनं नर्सला सांगितलं, चिडचिड होतेय, दारू बंद झाली की असं होतं. म्हणजे त्यांचा रागही लक्षणात गेला.

मग निकमांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याला इचारा. ह्यो असतो दर शनवारी."

डॉक्टर माझ्याकडं वळला. मनीषा वळली. शालन वळली.

मी म्हणालो, "नाही बुवा. मी त्यातला नाही. मला काही कल्पना नाही."

एवढी तीन वाक्यं. डॉक्टरनं मनीषाकडं बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघा. निकम माझ्याकडं बघत राहिले. परत गाडीत शालन म्हणाली, भाऊजी कसे हो असं तुमचं नाव घेतात, दारूनं डोकं पार गेलेलं दिसतंय. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. स्वतःची एवढी किळस मला आजवर आली नव्हती, आणि तरी मी तोंड उघडलं नाही. भ्याड माणसाचं असंच असतं. त्याला कळत सगळं असतं.

पुढचे आठ महिने त्या एका कागदावर चालले. जिथं जातील तिथं तो कागद आधी पोचलेला. उपचार एकच, दारू सोडा. सोडलेली होतीच, पण ते कुणाला पटायचं नाही, कारण तब्येत उतरतच चालली होती. मनीषा साताऱ्याला येऊन घर उलटंपालटं करून गेली. माळा, पेटी, पिठाचे डबे, सगळीकडं चोरून ठेवलेल्या बाटल्या शोधल्या. सापडल्या त्या पलंगाखाली आडव्या ठेवलेल्या सहा, सगळ्या सीलबंद. त्या तिनं मोरीत ओतल्या. निकम दारात उभे होते. बाबूराव तिथं होता, त्यानं सांगितलं, की ते ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, मने, आधी सील तरी बघ. तिनं बघितलं नाही. तिचा तरी काय दोष? डॉक्टरनं सांगितलेलं, आणि बापाच्या मित्रानं समोर उभं राहून हात झटकलेले. नंतर व्यसनमुक्तीच्या एका बाईंपुढं त्यांना दर मंगळवारी बसवायला लागले. किती वर्षं लपवताय काका, असं ती विचारायची. गुरव सर सांगत होते, की त्या बाईला निकम दर वेळी तेच उत्तर द्यायचे, आठवड्याला दोनशे, आणि ती दर वेळी वहीत लिहायची, अजून कबूल करत नाहीत.

शेवटी पुण्याच्या एका वयस्क डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला, तोच प्रश्न विचारला, आणि निकमांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग म्हणाले, एवढ्यानं लिव्हर असं होत नाही, दुसरं काहीतरी आहे. तपासण्या केल्या. दुसरंच होतं. शरीर स्वतःच्याच लिव्हरला शत्रू समजतं, असला आजार. त्याला साध्या गोळ्या असतात. आठ महिन्यांपूर्वी चालू झाल्या असत्या तर माणूस हातात होता, असं ते स्पष्ट बोलले. आता लिव्हर दगड झालं होतं.

बाबूरावनं हे मला फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि शालनला स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं, वाचनालयापासून दवाखान्यापर्यंत. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. माझ्या पिण्याबद्दल ती काहीच बोलली नाही. "त्या खोलीत माझ्यासाठी गप्प बसलात?" एवढंच तिनं विचारलं, आणि त्यानंतर आजवर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सांगलीला गेलो. मनीषानं दार उघडलं. तिला मी दारातच सांगितलं, की तुझे बाबा खरं बोलत होते, दोनच मापं असायची, मी दर शनिवारी समोर होतो. ती रडली नाही. "आता सांगताय काका?" म्हणाली, आणि बाजूला झाली.

निकम आतल्या खोलीत खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगावर नुसती हाडं, पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलेलं होतं. मी त्यांच्या शिव्या खायला गेलो होतो. एका केळ्यासाठी मंडईत परत जाणारा माणूस, तो मला सोडणार नाही अशी माझी खात्री होती, आणि त्या खात्रीवरच मी तिथवर पोचलो होतो. ते उठून एक थोबाडीत देतील, निदान सुध्या, भाड्या म्हणतील, आणि मग आमचं काहीतरी शिल्लक राहील, असं मला वाटत होतं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खुर्चीवरचा टॉवेल उचलून आपल्या मांडीवर घेतला, जागा केली.

"आवं सुधाकरराव, उभं का? बसा तुमी," ते म्हणाले. मग दाराकडं बघून मुलीला सांगितलं, "मने, पावण्यास्नी चा टाक."

मी बसलो. चहा आला, तो घेतला. त्यांनी एसटीला गर्दी होती का विचारलं, मी नव्हती म्हणालो. मग कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि निघालो.